तेलाचा डबा आणि उष्मांकांची वही

(बोईसर येथे झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी ‘उष्मांक मोजल्याने वजन उतरते काय?’ हा विषय मला दिला, तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार नकाराचा होता. मी पत्रकार आहे, कला शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध दवाखान्याच्या बाकावर बसण्यापुरता आणि गणिताशी असलेला संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपलेला. परंतु या विषयात माझाही एक अधिकार आहे, असे नंतर ध्यानात आले. तो अधिकार हरलेल्या माणसाचा आहे. अकरा आठवडे मी खाल्लेल्या प्रत्येक घासाचा हिशेब वहीत लिहिला आणि तरीही वर्षभरात होतो तेथेच येऊन पोहोचलो.

त्याचे असे झाले. २०२२च्या पावसाळ्यात रक्ततपासणीत माझी साखर मर्यादेच्या जरा वर निघाली. डॉक्टरांनी सांगितले, सात किलो वजन उतरवा, नाहीतर पुढच्या वर्षी गोळ्या सुरू. माझ्या वडिलांना मधुमेहापायी पायाचा अंगठा गमवावा लागला होता. त्यांच्या पायाचे ड्रेसिंग करताना आई तोंड फिरवून उभी राहत असे, ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून गेलेले नाही. त्यामुळे आहारतज्ज्ञांनी दिवसाला १५०० उष्मांकांचा तक्ता हाती ठेवला, तेव्हा मी तो पोथीसारखा घेतला. डहाणू लोकलमध्ये पालघरला बसलो की वही उघडायची: दोन पोळ्या, एक वाटी भाजी, अर्धी वाटी भात, एक केळे. समोरचे सहप्रवासी विचारीत, शेअर बाजाराचे काय म्हणता? मी सांगे, बाजार पडतो आहे.

पहिल्या पाच आठवड्यांत साडेतीन किलो वजन उतरले. नंतर काटा हलेना. मग माझ्या वहीत असत्य शिरले. विरारला उतरून घेतलेला समोसा ‘अर्धा’ म्हणून नोंदवला जाऊ लागला. अकराव्या आठवड्यानंतर वही कपाटात गेली आणि २०२३च्या दिवाळीपर्यंत सगळे वजन परत आले. त्यानंतर मी पत्रकाराला जे येते ते केले. हा उष्मांक मुळात आला कोठून, याची चौकशी सुरू केली.

वस्तुतः उष्मांक हे उष्णतेचे साधे माप आहे. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढा आपल्या रोजच्या बोलण्यातला एक उष्मांक. शास्त्राच्या पुस्तकात त्यालाच किलोकॅलरी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विल्बर अ‍ॅटवॉटर या शास्त्रज्ञाने माणूस आत राहू शकेल एवढी एक बंद खोली तयार केली. त्या माणसाच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते, तो काय खातो, काय टाकतो, याची दिवसेंदिवस नोंद ठेवली. त्यातून जे आकडे निघाले ते आजही प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर आहेत: एक ग्रॅम पिष्टमय पदार्थाचे चार उष्मांक, एक ग्रॅम प्रथिनाचे चार, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थाचे नऊ. १९१८ साली लुलू हंट पीटर्स या अमेरिकी डॉक्टरबाईंनी पुस्तक लिहून सामान्य गृहिणीला अन्न या आकड्यांनी ओळखायला शिकवले, आणि वजन उतरवण्यासाठी उष्मांक मोजण्याची चाल तेथून घराघरांत गेली.

आपल्याकडे मात्र उष्मांकाची गाजलेली मोजणी निराळ्याच कारणासाठी झाली. ती भूक मोजण्यासाठी झाली. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दररोज २२५० उष्मांकांचे अन्न मिळण्यास किती खर्च येतो, यावरून त्यांनी गरिबीची रेषा आखली. १९६०-६१च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाली. या रेषेवर आक्षेप घेणारेही मराठी माणूसच होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी जवळजवळ दोन दशके संख्याशास्त्राचे काम पाहिले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की सरासरी गरज हा आकडा एका माणसावर लावता येत नाही. दोन निरोगी माणसांच्या गरजा भिन्न असतात. इतकेच नव्हे, तर एकाच माणसाचा आहारही दिवसागणिक, आठवड्यागणिक कमी-जास्त होत राहतो आणि शरीर ठराविक मर्यादेत स्वतःला जुळवून घेते. दांडेकरांना हे मान्य नव्हते. ऐंशीच्या दशकात हा वाद चांगलाच रंगला. सुखात्म्यांचे तर्कशास्त्र पुढे ताणले तर भुकेल्याला तू भुकेला नाहीस असे सांगण्याची सोय होईल, ही टीकाकारांची भीती रास्तच होती.

हा वाद उपाशी माणसाविषयी होता. पण सुखात्म्यांच्या म्हणण्यातला एक धागा माझ्यासारख्या पोट सुटलेल्यालाही लागू पडतो. शरीर हे स्थिर यंत्र नाही. मी १५०० लिहिले म्हणजे शरीराने तेवढ्यावरच हिशेब बंद केला, असे होत नाही. पाऊंडभर चरबी म्हणजे ३५०० उष्मांक, तेव्हा रोज ५०० कमी खा आणि आठवड्याला एक पाऊंड उतरवा, हा ठोकताळा १९५८पासून रूढ आहे. पहिले काही आठवडे तो खरा ठरल्यासारखा वाटतो. नंतर शरीर लहान होते, हालचाल नकळत मंदावते, आतला खर्च कमी होतो आणि भूक वाढते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा येथे अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटले. पण त्याबरोबर ते थंडीने काकडू लागले, चिडचिडे झाले, दिवसभर अन्नाशिवाय दुसरे काही त्यांना सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. त्यांना मिळत असलेले अन्न दिवसाला साधारण १५७० उष्मांकांचे होते, हे मी वाचले तेव्हा माझा तक्ता आठवून अंगावर काटा आला. अर्थात ते तरुण होते आणि आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालत होते. माझी मजल पालघर स्टेशनपर्यंत.

आता वहीतल्या आकड्यांविषयी. ते वाटतात तितके पक्के नसतात. अमेरिकेतील २०१२च्या एका तपासणीत असे दिसले, की अख्ख्या बदामांतून शरीराला प्रत्यक्ष मिळणारे उष्मांक रूढ हिशेबापेक्षा बरेच कमी असतात. जुना आकडा सुमारे ३२ टक्क्यांनी फुगलेला होता. नीट न चावलेला कण तसाच बाहेर जातो. आणि भाकरीचे काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे उत्तम कोष्टक प्रसिद्ध केले आहे, त्यात ५२८ पदार्थ आहेत. पण ते शंभर ग्रॅमला असते. सातपाटीच्या घरातली तांदळाची भाकरी आणि शहरी फुलका यांना वहीत एकच शब्द, ‘एक’. २०२२पासून दहा किंवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थापुढे उष्मांक लिहिणे बंधनकारक झाले आहे. चांगली गोष्ट आहे. परंतु आपल्या स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीला हा नियम कसा पोहोचावा?

सर्वांत कच्चा दुवा अर्थातच लिहिणारा हात. १९९२ साली अमेरिकेत ‘आम्ही १२०० उष्मांकही खात नाही, तरी वजन उतरत नाही’ अशी तक्रार असणाऱ्या काही स्थूल व्यक्तींची काटेकोर तपासणी झाली. ते प्रत्यक्षात खात होते त्याच्या जवळजवळ निम्मेच सांगत होते आणि व्यायाम मात्र दीडपट सांगत होते. त्यांना खोटारडे म्हणण्याचे कारण नाही. त्यांना तसे मनापासून वाटत होते. माझा ‘अर्धा’ समोसा त्याच जातीचा.

मग मोजणे व्यर्थ आहे काय? येथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की तसे नाही. २०२३ साली शिकागो येथील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्थूल असलेल्या ९० जणांचे तीन गट केले होते. एका गटाला सांगितले, दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात खा, काही मोजू नका. दुसऱ्या गटाने उष्मांक मोजून रोजचा आहार चतुर्थांशाने कमी करायचा होता. तिसरा गट नेहमीसारखा. वर्षाअखेर तिसऱ्या गटाच्या तुलनेत घड्याळ पाहणाऱ्यांचे वजन सुमारे साडेचार किलोने, तर मोजणाऱ्यांचे सुमारे साडेपाच किलोने कमी भरले. दोहोंतला फरक शास्त्राच्या कसोटीवर महत्त्वाचा ठरला नाही. म्हणजे मोजणे लागू पडते. पण न मोजताही साधारण तेवढाच लाभ होऊ शकतो. आणि या लोकांच्या पाठीशी आहारतज्ज्ञ उभे होते, हे विसरू नये. आपल्या पाठीशी सासुरवाडीचा आग्रह उभा असतो.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत घरोघरी नेली. तीत उष्मांकांचा हिशेब नाही. या सभागृहातही ती पाळणारे असतील. त्यामागची सगळी उपपत्ती सर्व तज्ज्ञांना मान्य आहे असे नाही. माझे स्वतःचे मत असे, की तिचा मोठा लाभ दोन जेवणांत नसून मधल्या काळात जे सुटते त्यात आहे: चहातली साखर, बिस्किटे, फरसाण, ‘घ्या हो, एकाने काय होते’. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. साखर एकदम खाली जाते, आणि त्यात धोका आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो मुद्दा माझा नाही. आमच्या सौभाग्यवतींचा आहे. वही कपाटात गेल्यावर काही दिवसांनी त्यांनी ती काढून वाचली आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘अहो, तुमच्या वहीत कढई कुठे आहे?’’

मी निरुत्तर झालो. ‘भाजी, एक वाटी’ असे मी लिहीत होतो. त्या वाटीत किती तेल आले हे मला ठाऊक नव्हते. ते माझ्या स्वयंपाकघरातल्या एकाच व्यक्तीला ठाऊक होते आणि तिला मी अकरा आठवडे काहीच विचारले नव्हते. आमच्या घरी तिघे माणसे आणि महिन्याला पाच लिटरचा डबा. त्या रात्री आम्ही दोघांनी बसून गणित केले. पाच लिटर तेल म्हणजे साधारण ४५५० ग्रॅम. तिघांत आणि तीस दिवसांत वाटले तर माणशी रोज पन्नास ग्रॅम, म्हणजे साडेचारशे उष्मांक. घराबाहेर खाल्लेले निराळेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनानुसार दोन हजार उष्मांकांच्या दिवसात वरून घ्यायच्या तेल-तुपाचा वाटा सुमारे २७ ग्रॅम आहे. आमचा जवळजवळ दुप्पट निघाला.

जानेवारी २०२४पासून घरात वाटी मोजणे बंद झाले आणि डबा मोजणे सुरू झाले. नवा डबा फोडला की सौ. त्यावर तारीख लिहितात. तीन लिटर महिनाभर पुरले पाहिजे, एवढा एकच नियम. पुऱ्या कधी करायच्या, फोडणी किती घालायची, दिवाळीचा महिना कसा काढायचा हे सगळे त्यांच्या हाती. मी त्यात बोलत नाही. तीन लिटर म्हणजे माणशी रोज सुमारे २७३ उष्मांक. पूर्वीपेक्षा दररोज एकशे ऐंशीच्या आसपास कमी, आणि वही न उघडता. फेब्रुवारी २०२५मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये प्रत्येक कुटुंबाने तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करावा असे आवाहन केले, तेव्हा आमच्या घरात कोणी तरी किंचित विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले.

उष्मांकांचा उपयोग मला येथे दिसतो. दोन-तीन आठवडे अवश्य मोजावे, गळती कोठे आहे हे शोधण्यापुरते. विहिरीचे पाणी रोज कोणी मापत नाही. पण एकदा दोर सोडून खोली पाहावी लागते. आमची गळती तेलात होती. तुमची चहात असू शकेल. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करणाऱ्या बंधूंचा विचार करा. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे साधारण दहा ग्रॅम, चाळीस उष्मांक. पाळीत पाच कप झाले तर दोनशे. त्यातून रात्रपाळी असेल तर आणखी एक अडचण. रात्री दोन वाजता घेतलेले जेवण आणि दुपारी घेतलेले तेच जेवण शरीर सारखे हाताळत नाही. रात्री रक्तातली साखर अधिक वर जाते. अपुऱ्या झोपेने भूकही वाढते. वहीत दोन्ही ताटांचा आकडा एकच पडेल. रात्रपाळीच्या माणसाने मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी घ्यावे आणि मध्यरात्री हलके काही खावे, हे त्याला १५००चा तक्ता देण्यापेक्षा उपयोगाचे.

अन्न कोणते, हाही प्रश्न आहे. २०१९ साली अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी वीस जणांना महिनाभर एका ठिकाणी ठेवून दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे घरगुती धर्तीचे अन्न दिले. समोर ठेवलेल्या ताटांतले उष्मांक, साखर, स्निग्धांश सारखे. हवे तेवढे खा, असे सांगितले. पुड्यातल्या अन्नावर ते रोज सुमारे पाचशे उष्मांक अधिक खाऊन गेले. आपल्या वाग्भटाने अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पून दोन घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक रिकामा ठेवायला सांगितला आहे. नाचणीची भाकरी, वालाची उसळ, सुक्या बोंबलाची चटणी यांवर तो रिकामा भाग जिभेला कळतो. फरसाणाच्या पुड्यावर तो कोणालाच कळत नाही. साबुदाण्याच्या खिचडीविषयी एकादशीचा मान राखून मी गप्प बसतो.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याच वहीत दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ आणि आतून चरबीदार, ही आपल्या लोकांची ठेवण याज्ञिकांनी जगापुढे मांडली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेही १० कोटी १० लाख निघाले. त्याच पाहणीत एकूण स्थूलता २८.६ टक्के, तर पोटाची स्थूलता ३९.५ टक्के होती. म्हणजे काट्यावर न दिसणारे कितीतरी जण टेपवर दिसतात. पुरुषांचा कमरेचा घेर नव्वद सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ऐंशीच्या आत असावा, हे आपल्यासाठीचे माप.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना करतो. घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती उष्मांक मोजणारे मोबाइल अ‍ॅप देऊ नका. त्या वयात आकड्यांचा नाद लागला तर जेवणाचीच भीती बसते, आणि ती काढणे फार कठीण जाते. दुसरे, आता वजन उतरवणारी इंजेक्शने आली आहेत. २०२५पासून त्यांतली काही भारतात मिळू लागली. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालचे औषध आहेत, त्यांवर मी बोलणार नाही. एवढेच नोंदवतो की ती मुख्यतः भूक कमी करतात. वहीने जे होत नाही ते भूक आवरल्याने होते, यातच वहीची मर्यादा दिसून येते.

आणि आपण हे सारे कोठे बसून बोलतो आहोत? १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेल्या पालघर जिल्ह्यात. याच जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली महाराष्ट्र हादरला होता. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ साली आणली, ती त्यांच्या आहारातली तूट भरून काढण्यासाठी. जव्हार-मोखाड्यातल्या अंगणवाडीत आजही उष्मांक मोजावे लागतात, ताटात पुरेसे पडावेत म्हणून. दांडेकरांनी ज्यासाठी मोजले, त्यासाठीच. एका वार्तांकनाच्या निमित्ताने मी तेथील एका अंगणवाडीत दुपारभर बसलो होतो. खिशात माझी वही होती. एका ताईंनी विचारले, ‘‘भाऊ, त्यात काय लिहिता?’’ मी वही पुन्हा खिशात घातली. ती अकरा आठवड्यांतली एकच अशी नोंद आहे, जी त्या दिवशी झाली नाही.

माझी आजची स्थिती सांगून थांबतो. कमरेचा घेर ९८ होता, आता ९२ आहे. वजन पाच किलोने कमी आहे. साखर काठावर, पण गोळ्या नाहीत. नव्वदच्या आत अजून आलेलो नाही, तेव्हा आपण येथे विजयी माणसाचे भाषण ऐकले असे कोणी समजू नये.

दाराजवळच्या टेबलावर शिंप्याची टेप ठेवली आहे, भगिनींसाठी पलीकडच्या खोलीत दुसरी आहे. इच्छा असेल त्यांनी मोजून घ्यावे, आकडा कोणाला सांगण्याची गरज नाही. चहा तयार आहे. साखर वेगळ्या भांड्यात ठेवावी, अशी विनंती मी संयोजकांना सकाळीच केली आहे.